व्यूहरचना कागदावरून कामात कशी उतरवावी : संस्थात्मक बदलाची पायरी-पायरीने मांडणी

नवी व्यूहरचना जाहीर होऊन सहा महिने झाल्यावर संस्थेचे तीन कागद मागवावेत : गेल्या दोन तिमाहींतील खर्चाचा तपशील, वरिष्ठांच्या बैठकांच्या विषयपत्रिका आणि बढत्यांची यादी. हे तिन्ही कागद घोषणेपूर्वीच्या कागदांसारखेच दिसत असतील, तर सभागृहात कितीही टाळ्या पडलेल्या असोत, बदलाला अजून सुरुवातही झालेली नाही. व्यूहरचना म्हणजे पैसा, माणसे आणि वरिष्ठांचे लक्ष यांची वाटणी, आणि संस्थात्मक बदल म्हणजे ती वाटणी प्रत्यक्षात हलवणे, अशी कामचलाऊ व्याख्या येथे धरली आहे. व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक्रमात हे दोन विषय बहुधा वेगवेगळ्या तासांना शिकवले जातात. एकात बाजारपेठ आणि स्पर्धा, दुसऱ्यात माणसे आणि त्यांची मने. कामाच्या ठिकाणी मात्र दोन्ही एकाच व्यवस्थापकाच्या टेबलावर एकाच सकाळी येऊन पडतात.

आणखी एक गोष्ट आधीच बाजूला ठेवू. ‘बदलाचे ७० टक्के प्रयत्न फसतात’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक सादरीकरणात भेटते. व्यवस्थापनावरील लेखक मायकेल हॅमर आणि जेम्स चॅम्पी यांनी १९९३ मध्ये कार्यप्रक्रियांच्या पुनर्रचनेबद्दल ५० ते ७० टक्के अपयशाचा अंदाज मांडला होता आणि तो शास्त्रीय नसल्याचे त्यांनीच नमूद केले होते. पुढे २०११ मध्ये संशोधक मार्क ह्यूज यांनी या आकड्याचा माग काढला, तेव्हा त्याला विश्वासार्ह पुराव्याचा आधार सापडला नाही. संचालक मंडळाला घाबरवण्यासाठी हा आकडा वापरण्याचा मोह टाळावा. स्वतःच्या संस्थेत मागचे दोन-तीन बदल नेमके कोठे अडले, याची प्रामाणिक नोंद त्याहून अधिक उपयोगी पडते.

पुढील विवेचनात एक काल्पनिक कंपनी सोबत घेऊ. ती औद्योगिक यंत्रे बनवते आणि विकते. यंत्रांवरील नफा घटत चालल्याने तिने ठरवले आहे की, यापुढे यंत्राच्या किमतीपेक्षा ते चालू राहण्याच्या हमीवर, म्हणजे देखभालीच्या दीर्घकालीन करारांवर, व्यवसाय उभारायचा. ही कल्पना नवी नाही. ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश इंजिन-उत्पादकाने १९६२ मध्येच ‘व्हायपर’ विमान-इंजिनांसाठी उड्डाणाच्या तासागणिक ठरावीक शुल्क घेऊन देखभाल देण्याची पद्धत सुरू केली होती, आणि नंतर रोल्स-रॉईसने ती पुढे नेली. कल्पना समजायला सोपी आहे. तिच्यामुळे कंपनीतील कोणाकोणाचे काम उलटेपालटे होते, हे समजायला वेळ लागतो.

पहिली पायरी : निर्णय लिहा, आणि काय सोडणार तेही लिहा

व्यूहरचनेचा निर्णय एका परिच्छेदात मावला पाहिजे. त्या परिच्छेदात कोणत्या ग्राहकासाठी, काय, कोणत्या बळावर आणि कधीपर्यंत, एवढे तर हवेच. पण त्याचा कस लागतो तो शेवटच्या वाक्यात, म्हणजे ‘यासाठी आपण पुढील गोष्टी करणे थांबवणार आहोत’ या वाक्यात. व्यूहरचनेचे अभ्यासक मायकेल पोर्टर यांनी १९९६ मध्ये हाच मुद्दा ठासून मांडला होता की, काय करायचे नाही याची निवड हा व्यूहरचनेचा गाभा आहे. आपल्या यंत्र-कंपनीने ‘सेवेवर भर देऊ’ असे लिहिले तर कोणाचेच काही बिघडत नाही, आणि म्हणूनच काही घडतही नाही. ‘ज्या ग्राहकाला देखभालीचा करार नको आहे, त्याला यापुढे सवलतीच्या दरात यंत्र विकणार नाही’ असे लिहिले की, विक्री विभागाचा प्रमुख त्याच बैठकीत खुर्ची पुढे ओढतो. तो वाद तेथेच, दार बंद असताना, पूर्ण होऊ द्यावा. वरिष्ठांमधील मतभेद शब्दांच्या धुक्यात झाकून निर्णय खाली पाठवला, तर तोच वाद पुढची दोन वर्षे मधल्या फळीतील माणसे आपापसांत लढत राहतात.

मसुदा तयार झाला की एक साधी चाचणी घ्यावी. वरिष्ठ मंडळातील प्रत्येकाने, एकमेकांशी न बोलता, ‘या निर्णयामुळे पुढील तिमाहीत माझ्या विभागात काय बंद होईल’ याचे उत्तर तीन ओळींत लिहावे. उत्तरे विसंगत निघाली, तर निर्णय झालेला नसून केवळ सहमतीचा भास झालेला आहे.

दुसरी पायरी : आजची खरी व्यूहरचना शोधा

प्रत्येक संस्थेची एक जाहीर व्यूहरचना असते आणि एक चालू असते. चालू व्यूहरचना खर्चात, वेळापत्रकात आणि लहानसहान नियमांत दडलेली असते, आणि हे नियम किती ताकदवान असतात याचे इंटेलइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

इंटेल १९६८ मध्ये स्थापन झाली ती संगणकाच्या स्मृती-चिप बनवण्यासाठी. पुढे जपानी उत्पादकांनी त्या बाजारात दर्जा आणि किंमत या दोन्ही बाबतींत मुसंडी मारली. १९८५ च्या मध्यावर कंपनीचे एक प्रमुख अँडी ग्रोव्ह यांनी मुख्य अधिकारी गॉर्डन मूर यांना विचारले की, आपल्याला काढून टाकून नवा मुख्य अधिकारी आणला तर तो काय करेल. मूर यांचे उत्तर होते, तो स्मृती-चिपच्या धंद्यातून बाहेर पडेल. हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. त्यामागची गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. व्यवस्थापनाचे संशोधक रॉबर्ट बर्गेलमन यांच्या अभ्यासातून दिसले की, कारखान्यांची उत्पादनक्षमता वाटताना इंटेलमध्ये एक नियम पाळला जात होता : सिलिकॉनच्या प्रत्येक चकतीमागे ज्या उत्पादनातून अधिक नफा मिळेल, त्याला आधी जागा द्यायची. या नियमामुळे मधल्या फळीतील नियोजक वर्षानुवर्षे मायक्रोप्रोसेसरला, म्हणजे संगणकाचे गणन करणाऱ्या चिपला, अधिकाधिक क्षमता देत गेले होते. शिखरावरची मंडळी कंपनीला अजून स्मृती-चिपची कंपनी म्हणत होती. कारखाने तो धंदा केव्हाच आवरते घेत होते. १९८५ चा निर्णय मोठा होता यात शंका नाही, पण वाटणीच्या नियमाने त्याची पायाभरणी आधीच केली होती.

इंटेलच्या बाबतीत हा नियम योग्य दिशेला ओढत होता. आपल्या संस्थेत तो उलट दिशेला ओढत असण्याची शक्यता तितकीच आहे, म्हणून या पायरीला निदान दोन-तीन आठवडे द्यावेत. गेल्या बारा महिन्यांचा खर्च नव्या व्यूहरचनेच्या शीर्षांखाली पुन्हा मांडावा. हिशेबाची नेहमीची शीर्षे वापरू नयेत, कारण ती जुन्या व्यवसायाच्या आकाराची असतात. दहा-बारा प्रमुख अधिकाऱ्यांच्या चार आठवड्यांच्या वेळेची नोंद घ्यावी. सर्वांत कुशल माणसे सध्या कोणत्या कामावर आहेत, याची यादी करावी. आणि शेवटी, वाटणीचे नियम शोधावेत : कोणाची मागणी न विचारता मंजूर होते, कोणाला तीन सह्या लागतात, माल अपुरा असताना आधी कोणाला मिळतो? आपल्या यंत्र-कंपनीत असे आढळू शकते की, सुटे भाग कमी पडले की नव्या यंत्रांची जुळणी आधी पूर्ण केली जाते आणि देखभालीचे अभियंते थांबून राहतात. हा नियम कोणी कधी लिहून ठेवलेला नसतो. तो जोवर उलटत नाही, तोवर देखभालीची हमी देणे म्हणजे ग्राहकाशी भांडणाची तयारी करणे होय.

तिसरी पायरी : बदल भूमिकांच्या भाषेत उतरवा

‘ग्राहककेंद्री व्हा’ या वाक्यावरून सोमवारी सकाळी काय वेगळे करायचे, हे कोणालाही कळत नाही. म्हणून ज्या पंधरा-वीस भूमिकांवर बदलाचा भार सर्वाधिक पडणार आहे, त्या निवडून प्रत्येकीसाठी चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत : हा माणूस कोणते नवे काम करेल, कोणते थांबवेल, कोणता निर्णय आता स्वतः घेईल, आणि त्यासाठी त्याला कोणती माहिती किंवा कौशल्य लागेल.

विक्री प्रतिनिधी आजवर खरेदी विभागाशी किमतीवर घासाघीस करत आला. आता त्याला कारखान्याच्या उत्पादनप्रमुखाशी यंत्र बंद पडल्याने होणाऱ्या नुकसानीविषयी बोलावे लागेल, आणि ती भाषा त्याला येत नाही. देखभाल अभियंत्याची प्रतिष्ठा आजवर बिघाड झटपट दुरुस्त करण्यावर उभी होती. आता बिघाड होऊच न देण्याचे, कोणाच्या नजरेत न भरणारे काम त्याच्याकडे आले. लेखा विभागाला एकरकमी बिलाऐवजी काही वर्षांत विभागून येणारे उत्पन्न हाताळायचे आहे, आणि त्यामुळे पहिल्या काही तिमाहींत रोख रकमेची आवक घटणार आहे. हा शेवटचा मुद्दा संचालकांना आधी सांगितला नाही, तर दुसऱ्याच तिमाहीत आकडे पाहून कोणीतरी ‘जुनेच बरे होते’ असे म्हणेल, आणि हातातल्या आकड्यांवरून त्याचे म्हणणे खरेही वाटेल.

संस्थेच्या रचनेचा तक्ता, म्हणजे कोणते विभाग आणि कोण कोणाच्या हाताखाली, या कामानंतर हाती घ्यावा. उद्योगांचे इतिहासकार आल्फ्रेड चॅण्डलर यांनी १९६२ मध्ये ड्यू पाँ, जनरल मोटर्स, स्टँडर्ड ऑइल (न्यू जर्सी) आणि सिअर्स यांच्या इतिहासातून दाखवले की, व्यूहरचना बदलली की जुनी रचना तिला अपुरी पडते आणि मग रचना बदलावी लागते. ड्यू पाँने अनेक उत्पादनांत विस्तार केल्यावर १९२१ मध्ये स्वायत्त उत्पादन-विभागांची रचना स्वीकारली ती याच ताणातून. पण अनेक संस्था क्रम उलटा करतात. पहिल्याच आठवड्यात नवा तक्ता येतो, मग सहा महिने प्रत्येकजण आपली चौकट कोठे आहे हे शोधत बसतो, आणि काम जुन्याच पद्धतीने चालू राहते. पदनामे बदलणे हा वरिष्ठांना सर्वांत लवकर जमणारा बदल आहे. त्याची किंमतही त्याच मानाने धरावी.

चौथी पायरी : विरोधाची चौकशी करा

विरोध हा माणसांच्या स्वभावातील दोष मानला की पुढचे सगळे चुकते. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४० च्या दशकात मांडलेली दृष्टी आजही उपयोगी आहे : कोणतीही स्थिती ढकलणाऱ्या आणि रोखणाऱ्या बलांच्या तोलावर टिकून असते. ढकलणारे बल वाढवले, म्हणजे दबाव, मुदती आणि इशारे वाढवले, तर स्थिती हलते खरी, पण ताणही वाढतो. रोखणारे बल कमी केले तर ताण न वाढता ती हलते. त्यामुळे ‘लोकांना कसे पटवावे’ यापेक्षा ‘त्यांना काय अडवते आहे’ हा प्रश्न आधी विचारावा.

लेविन यांच्याच परंपरेतील लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच यांनी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील मॅरियन येथल्या हारवूड कंपनीच्या पायजमा-कारखान्यात केलेला प्रयोग १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. बदल किरकोळ होते. उदाहरणार्थ, इस्त्री करणाऱ्या एका गटाला कपडे सपाट पुठ्ठ्यावर रचण्याऐवजी खोक्यात रचायचे होते. या गटाला बदल नुसता सांगितला गेला. त्यांचे उत्पादन घसरले, कुरबुरी वाढल्या आणि पहिल्या चाळीस दिवसांत १७ टक्के कामगार नोकरी सोडून गेले. इतर दोन गटांतील सर्व कामगारांनी नव्या कामाची आखणी आणि दर ठरवण्यात भाग घेतला. ते लवकर सावरले, त्या काळात कोणी काम सोडले नाही, आणि अखेर त्यांचे उत्पादन बदलापूर्वीच्या पातळीच्या सुमारे १४ टक्के वर गेले. पुढे पहिल्याच गटातील उरलेल्या कामगारांना अशा सहभागाची संधी मिळाली, तेव्हा त्यांनीही तशीच प्रगती दाखवली. म्हणजे हा फरक माणसांतला नव्हता.

या प्रयोगावरून ‘सर्वांना विचारा म्हणजे सगळे सुरळीत होईल’ असा निष्कर्ष मात्र काढू नये. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील एका पादत्राणांच्या कारखान्यातील तशाच प्रयोगात उत्पादनावर असा परिणाम दिसला नाही. ज्या बाबींवर सहभाग मागितला जातो, त्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाच्या असाव्या लागतात आणि तो सहभाग माणसांना रास्त वाटावा लागतो. निर्णय आधीच झालेला असेल तर तसे स्पष्ट सांगावे, आणि तो कसा राबवायचा एवढ्यापुरतेच मत मागावे. ठरलेल्या गोष्टीवर चर्चासत्र भरवणे माणसे फार काळ विसरत नाहीत.

प्रत्यक्षात, तिसऱ्या पायरीतील प्रत्येक भूमिकेसमोर एक स्तंभ वाढवावा : या माणसाचे काय जाणार आहे? पैसा जातो, तसेच वीस वर्षांच्या कौशल्याचे मोल, दोन मित्रांसोबतची कामाची पाळी, कोणालातरी ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार, हेही जाते. त्यातील काही भरून देता येते, काही येत नाही. जे येत नाही, ते मान्य करणे एवढाच प्रामाणिक मार्ग उरतो. आणि विरोधकांपैकी काहींचे म्हणणे निव्वळ बरोबर असते, हे विसरू नये. सुटे भाग वेळेवर येणार नाहीत असे सांगणारा अभियंता बदलविरोधी नसून कदाचित योजनेतील सर्वांत मोठी चूक दाखवणारा एकमेव माणूस असतो.

पाचवी पायरी : आधी लहान प्रमाणावर करून पाहा

अमेरिकेतील जेसी पेनी या विक्रीसाखळीने २०१२ च्या सुरुवातीला कूपन आणि सततचे सवलत-सेल बंद करून रोजची स्थिर किंमत आणली. नवे मुख्य अधिकारी रॉन जॉन्सन यांनी ही पद्धत मोजक्या दुकानांत न आजमावता सुमारे १,१०० दुकानांत एकदम लागू केली. त्या वर्षी विक्री सुमारे २५ टक्क्यांनी घटली आणि एप्रिल २०१३ मध्ये जॉन्सन यांना जावे लागले. कल्पना तर्कशुद्ध होती, पण सवलत मिळाल्याचे समाधान हाच त्या ग्राहकाच्या खरेदीचा भाग होता, हे काही मोजक्या दुकानांत दोन महिन्यांत कळले असते.

पथदर्शी प्रयोगासाठी जागा निवडताना सर्वांत उत्साही विभाग घेऊ नये. तेथे काहीही यशस्वी होते. मध्यम प्रतीचा, नेहमीच्या अडचणी असलेला विभाग घ्यावा; सुरुवातीलाच ‘कोणते आकडे दिसले तर आपण थांबू’ हे लिहून ठेवावे; आणि प्रयोगाला खास निधी, खास माणसे किंवा वरिष्ठांच्या रोजच्या भेटी देऊ नयेत, कारण त्या पुढे प्रत्येक विभागाला देता येणार नाहीत.

प्रयोग यशस्वी झाला तरी तो आपोआप पसरत नाही. जनरल मोटर्सचा कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील कारखाना १९८२ मध्ये बंद पडला होता. गैरहजेरी आणि भांडणांसाठी तो कुप्रसिद्ध होता. १९८४ मध्ये टोयोटाबरोबरच्या भागीदारीत तो ‘नूमी’ या नावाने पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतांश जुनेच होते, कामगार संघटनाही तीच होती. पण दोष दिसताच दोरी ओढून उत्पादन थांबवण्याचा अधिकार प्रत्येक कामगाराला मिळाला, शेकडो जणांना प्रशिक्षणासाठी जपानला पाठवले गेले, आणि थोड्याच काळात दर्जा जनरल मोटर्समधील उत्तम कारखान्यांच्या तोडीचा झाला. जनरल मोटर्सला मात्र हे यश आपल्या इतर कारखान्यांत नेण्यास फार वर्षे लागली. दोरी बसवता येते. ती ओढणाऱ्याला कोणी ओरडणार नाही आणि मदत लगेच धावून येईल, ही व्यवस्था उचलून नेता येत नाही, ती प्रत्येक ठिकाणी नव्याने उभारावी लागते. म्हणून प्रयोगातील चार-पाच जाणती माणसे पुढच्या विभागात प्रत्यक्ष कामाला पाठवावीत. नियमपुस्तिका त्यांच्या हातात असू द्यावी, त्यांच्याऐवजी नको.

सहावी पायरी : मोबदला, मूल्यमापन आणि मधली फळी

व्यवस्थापनाचे अभ्यासक स्टीव्हन कर यांनी १९७५ मध्ये दाखवून दिलेला वेडेपणा अजून सर्वत्र चालू आहे : बक्षीस एका गोष्टीला द्यायचे आणि अपेक्षा दुसरीचीच करायची. आपल्या कंपनीत विक्रीचा बोनस अजूनही यंत्राच्या ऑर्डरच्या रकमेवर मिळत असेल, तर विक्री प्रतिनिधी देखभालीचा करार ग्राहकाला फुकट देऊन यंत्र विकेल. त्यात त्याची लबाडी नाही. आपणच त्याला तसे सांगितले आहे.

नवे निकष थोडे आणि जुन्यांपेक्षा कमी असावेत. संक्रमणाच्या काळात जुने व नवे निकष एकत्र ठेवायचा मोह होतो, आणि मग माणसे ज्याची सवय आहे तेच पुरे करतात. बोनसचा बदल एकदम झेपणारा नसेल, तर पहिल्या दोन तिमाहींत मागील वर्षीच्या सरासरीची हमी द्यावी; ही रक्कम बदलाच्या खर्चात आधीच धरावी.

मधल्या फळीच्या व्यवस्थापकांविषयी एक स्पष्ट मत मांडतो. त्यांना ‘बदलाचा अडसर’ म्हणणे ही वरिष्ठांची सोयीची पळवाट आहे. महिन्याचे उत्पादनाचे टार्गेट तसेच ठेवून त्यांच्याकडे बदलाचे काम वरून सोपवले जाते, आणि ओढाताणीत ते मोजले जाणारे काम निवडतात, जसे कोणीही निवडेल. त्यांची जुनी दोन कामे लेखी आदेशाने काढून घ्यावीत, त्यांच्या सहकाऱ्यांना बातमी कळण्याच्या निदान दोन दिवस आधी त्यांना सर्व माहिती द्यावी, आणि ‘मला याचे उत्तर ठाऊक नाही, गुरुवारपर्यंत सांगतो’ असे म्हणण्याची मुभा द्यावी. सभा, फलक आणि चित्रफिती यांपेक्षा लोक आपल्या थेट वरिष्ठाचे ऐकतात, त्यामुळे संवादाचा बराच खर्च येथेच करणे शहाणपणाचे.

सातवी पायरी : मोजा, आणि कधी आवरायचे ते ठरवा

निकालाचे आकडे, म्हणजे नफा किंवा बाजारातील वाटा, उशिरा हलतात. त्याआधी वर्तनाचे आकडे हलले पाहिजेत : किती विक्रीभेटी उत्पादनप्रमुखांशी झाल्या, सुटे भाग किती वेळा देखभालीला आधी मिळाले, किती बिघाड घडण्यापूर्वी ओळखले गेले. असे तीन-चार आकडे दर पंधरवड्याला, त्याच क्रमाने, त्याच बैठकीत पाहावेत. वर्तन बदलले पण निकाल हलला नाही, तर व्यूहरचनाच चुकीची असू शकते. वर्तनच बदलले नाही, तर व्यूहरचनेची अजून परीक्षाच झालेली नाही. हा फरक न केल्यामुळे चांगल्या योजना घाईने टाकल्या जातात आणि वाईट योजना ‘अंमलबजावणी कमी पडली’ या सबबीवर वर्षानुवर्षे जगतात.

संस्थात्मक बदलाचे अभ्यासक जॉन कॉटर यांनी १९९५ मध्ये सांगितलेल्या, बदल घडवताना होणाऱ्या चुकांपैकी विजय लवकर जाहीर करणे ही मला आजही सर्वाधिक दिसते. त्याला उपाय म्हणून अनेक संस्था बदलासाठी नेमलेला विशेष कक्ष कायम ठेवतात, आणि मग बदल हे त्या कक्षाचे काम आहे असे बाकीचे मानू लागतात. त्याऐवजी कक्षाची मुदत सुरुवातीलाच ठरवावी आणि त्याचे प्रत्येक काम कोणत्या नियमित विभागाकडे, कोणत्या महिन्यात, कोणाच्या नावाने जाईल याचा तक्ता करावा. पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक त्या विभागप्रमुखांनी स्वतः मांडावे. त्यांनी देखभालीच्या करारांसाठीचा निधी कोणी न सांगता, आपल्या नेहमीच्या मागण्यांच्या आधी लिहिला असेल, तर कक्षातील माणसांना त्यांच्या मूळ कामावर परत पाठवायला हरकत नाही.